बसवराजसाठी खणलेली जागा

१९९५च्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तर सीमेवरच्या एका उंच पोस्टवर होती. वर आम्ही तीसेक जवान. कमांडर मेजर साहेब, त्यांच्या हाताखाली साताऱ्याकडचे सुभेदार साहेब. पहिला मोठा बर्फ पडला की खालचा रस्ता बंद व्हायचा, तो एकदम वसंतातच उघडायचा. तोवर बटालियन हेडक्वार्टरशी बोलणं फक्त रेडिओ सेटवर. हवा मोकळी असली तर हेलिकॉप्टर.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज उभं राहायचं. मग बंकरवरचा बर्फ काढणं, शस्त्रं साफ करणं, संत्री ड्यूटी म्हणजे पहारा. दुपारनंतर वारा सुटायचा. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. रविवारी मंदिर परेड.

मी आता बीदरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फौजेतून पेन्शन घेऊन आलो आणि नाव घातलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वर्गातली पोरं मला मिल्ट्री अण्णा म्हणतात आणि लढाईचं सांगा म्हणून मागं लागतात. लढाई मी फार पाहिली नाही. जे पाहिलं त्यातलं एक लिहितो. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

पूर्ण कंपनीत ख्रिस्ती मी एकटा होतो. मंदिर परेडला मीही सगळ्यांबरोबर उभा राहायचो. हुकूम सगळ्यांना सारखा. आरती संपली की, आणि इतर दिवशी सकाळचं काम आटोपलं की, रॉकेलच्या ड्रमांमागं जाऊन बसायचो आणि शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचो. हुमनाबाद तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरांची एक गल्ली आहे. तिथं रविवारी चटया अंथरून सगळी गल्ली बसते, ढोलकी असते, बाया मराठी गीत संपवून कानडी सुरू करतात. वर तसं काही नव्हतं. एकट्यानं गायला सुरुवात केली की आपला आवाज आपल्यालाच परका वाटायचा. मग मी गाणं सोडून दिलं. नुसतं वाचायचो. वाचायचो म्हणजे हजेरी लावल्यासारखं. एक अध्याय, एक प्रार्थना, डिसमिस.

कंपनीतल्या पोरांनी माझं नाव पादरी ठेवलं होतं. "पादरी, आज काय म्हणाला देव? रम मिळणार का?" असं चालायचं. त्यात द्वेष नव्हता. पण सोबतही नव्हती.

लान्स नायक बसवराज मात्र वेगळा. तो गुलबर्गा जिल्ह्यातला, आमच्या गावापासून बसनं दोन तासांवरचा. लिंगायत घरचा, घरी शेती आणि किराणा दुकान. गळ्यात चांदीची डबी, तिच्यात इष्टलिंग. मी ड्रमांमागं बसलो की तोही तिथंच यायचा, पाठ माझ्याकडं करून बसायचा, कपाळाला इभूत लावून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचा. त्याची पूजा त्याच्यापाशी, माझं वाचन माझ्यापाशी. बोलणं नंतर.

"रोज काय मागतोस रं तू?" एकदा त्यानं विचारलं.

"सुखरूप ठेव म्हनतो."

"कुनाला?"

"मला."

"एकट्यालाच? आरं, मी हितं बाजूलाच बसायलोय. माझं बी नाव घालायला काय पैसे पडायलेत काय तुझ्या देवाला?"

"तुझा देव हाय की तुझ्या हातात."

"माझा त्याच्या कामात हाय. तुझा रिकामाच बसलेला दिसायलाय."

आम्ही दोघंही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव घातलं. मग सुभेदार साहेबांचं, मग स्वयंपाक्याचं, मग माझ्याशी न बोलणाऱ्या एका हवालदाराचं. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा प्रार्थना केली असं मला आता वाटतं. त्याआधी मी नुसता अर्ज करत होतो.

आता माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात कुणीही मेलं, पुरण्याची रीत असलेल्या कुठल्याही जातीचं, की खड्डा खणायला आमच्या घराला बोलावणं यायचं. आजोबा खणायचे, पणजोबा खणायचे. खणायचं, बाजूला व्हायचं, लांब उभं राहायचं. माती लोटायला पुन्हा पुढं. येशूच्या मार्गाला लागल्यावर वडील म्हणाले, आता नाही. त्यावर गावानं आम्हाला सुगीचं काम देणं बंद केलं. वडील हैदराबादला गेले आणि बिल्डिंगांवर सिमेंट वाहिलं. मी भरती झालो तेव्हा ते बसस्टँडवर एवढंच बोलले, "जा. पर कुनासाठी खड्डा खनू नको."

फौजेत मी पहिल्या दिवसापासून खड्डेच खणले. ट्रेंच, मोर्चे, लॅट्रिन. पण वडिलांना म्हणायचं होतं ते वेगळं, हे मला कळत होतं.

जानेवारीत चार दिवस सलग बर्फ पडला. पाचव्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं, तेव्हा खालच्या टप्प्यावरून रॉकेल आणायला सहा जणांची पार्टी गेली. बसवराज दोरीत सर्वांत मागं होता. मी रेडिओ सेटवर होतो. साडेदहाच्या सुमारास सेटवर पार्टीचा आवाज आला.

"बर्फाची स्लाइड आली. एक मिसिंग. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

सेटवर नुसता वारा ऐकू आला. मग, "बसवराज. ओव्हर."

सुभेदार साहेब दोऱ्या आणि बेलचे, म्हणजे फावडी, घेऊन निघाले. मलाही घेतलं. दोर तुटला होता, पण त्याचं टोक बर्फावर दिसत होतं. आम्ही टोकामागं खणत गेलो. तो सापडला तेव्हा श्वास नव्हता. नर्सिंग असिस्टंटनं बराच वेळ छाती दाबली. मग त्यानं हात काढले.

दुपारी त्याला वर आणून लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकाच्या बंकरमध्ये, ठेवलं. आभाळ पुन्हा भरलं होतं. हेलिकॉप्टर येणार नाही, असा निरोप आला. त्या काळात देह घरी पाठवायची सोय फारशी नसायची; वरच अग्नी देऊन राख पाठवायची रीत होती. सुभेदार साहेब म्हणाले, "लाकूड आहे तेवढं काढा. रॉकेल घ्या. उजेड असेतो उरकू."

पोरं लाकूड आणायला निघाली. मी दाराशी उभा होतो. मला माहीत होतं की बसवराजच्या लोकांत जाळत नाहीत. मातीत बसवतात, पाठ टेकवून, हातात लिंग देऊन. मी लहानपणी वडिलांबरोबर लांब उभं राहून पाहिलं होतं. हेही माहीत होतं की मी बोललो तर पुढचा प्रश्न येईल, खणायचं कुणी? आणि थंडीनं देह आखडल्यावर त्याला बसवता येणार नव्हतं. विचार करायला वेळ नव्हता.

मी मनात म्हटलं, प्रभू, मला बोलायला लाव. एवढीच प्रार्थना.

"साहेब, याला जाळायचं नसतंय."

"म्हणजे?"

"लिंगायत हाय साहेब तो. त्यांच्यात पुरतात. बसवून."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "अरे लेका, जमीन लोखंड झालीय. आणि तुला काय माहीत त्यांच्यातलं?"

"माझ्या घरचं कामच होतं साहेब ते. खड्डा खणायचं."

हे मी पलटणीत कुणालाही सांगितलं नव्हतं.  मेजर साहेबांनी सेटवर हेडक्वार्टरच्या पंडितजींना बोलावलं.

पंडितजी म्हणाले, "जवान बरोबर सांगतोय. पुरतात. पण तो विधी मला येत नाही. त्यालाच विचारून करा. ओव्हर."

"तुला येतो?" मेजर साहेबांनी मला विचारलं.

"पूर्ण नाही साहेब. लांबून बघितलंय."

"जेवढं येतं तेवढं कर."

चितेसाठी काढलेलं लाकूड आम्ही बंकरच्या आडोशाला जमिनीवर पसरून पेटवलं. माती थोडी मऊ झाली की टिकाव मारायचा, पुन्हा जाळ, पुन्हा टिकाव. पहिला घाव घालताना वडिलांचं बसस्टँडवरचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मी थांबलो नाही. प्रभूनं कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, हा भाग मी कितीतरी वेळा वाचला होता. वाचताना मला नेहमी वाटायचं, यात विशेष काय, आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. त्या दुपारी फरक कळला. आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. मला मेजर साहेबांनी विचारलं होतं, आणि मी स्वतःहून पुढं झालो होतो.

थोड्या वेळानं माझ्याशी न बोलणारा हवालदार आला. "सरक पादरी," म्हणाला आणि माझ्या हातातला टिकाव घेतला. मग पाळीपाळीनं सगळेच आले. सुभेदार साहेबांनीही बेलचा मारला.

मी आत गेलो. बर्फ वितळवून कोमट पाणी केलं, बसवराजचा चेहरा, हात, पाय धुतले. त्याला उठवून रेशनच्या पेट्यांना टेकवून बसवलं, मांडी घातली. त्याच्या ट्रंकेतली इभूत कपाळाला लावली. गळ्यातली डबी उघडायची वेळ आली तेव्हा मात्र हात अडला. त्या लिंगाला दुसऱ्याचा हात लागू नये, असं तो सांगायचा. पण दुसरं कुणी नव्हतं. मी पुन्हा हात धुतले, लिंग काढलं आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून वरून पांढरी पट्टी बांधली.

उतरवताना एक अडचण आली. तोंड कुठल्या दिशेला करतात, ते मला आठवेना. लांब उभ्या पोराला दिशा कशी कळणार? सगळे माझ्याकडं पाहत होते. मी त्याचं तोंड दक्षिणेकडं केलं. आपला मुलूख तिकडं, म्हणून.

सुभेदार साहेबांनी "हर हर महादेव" म्हटलं, सगळ्यांनी साथ दिली. मग साहेब माझ्याकडं वळले. "तूही बोल काहीतरी. तुझा दोस्त होता." मी माणसांसमोर मोठ्यानं कधी प्रार्थना केली नव्हती. त्याचा मंत्र मी म्हणू शकत नव्हतो, आणि माझं गीत त्याच्यावर म्हणणं बरं वाटेना. मी माझ्या प्रभूकडं त्याच्या आईसाठी मागितलं. तिला धीर दे म्हटलं. दोनच वाक्यं झाली. 

रस्ता उघडल्यावर मला सुट्टी मिळाली. आपल्या घरी जाण्याआधी मी बसवराजच्या गावी गेलो. गाणगापूरच्या यात्रेकरूंनी बस भरलेली होती. मी त्याची ट्रंक मांडीवर घेऊन बसलो. घरात त्याचे अप्पा होते, आई होती, थोरले काका होते. पलटणीनं पाठवलेल्या तारेत अंत्यविधी केला एवढंच होतं. कसा केला, ते नव्हतं.

"राख आनलास?" आईनं विचारलं.

"न्हाई अव्वा. जाळलं न्हाई त्याला. पुरलं. बसवून."

तिनं भिंतीला हात लावला आणि खाली बसली. "लिंग?"

"डाव्या हातात."

"आनि जंगम?" काकांनी विचारलं. "विधी करायला जंगम कुठनं मिळाला तिथं?"

"न्हाई मिळाला. जेवढं ठावं होतं तेवढं मीच केलो."

"तू कोनाचा?"

मी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. काकांना कळलं. त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे लिंगाला तू हात लावलास?"

"व्हय."

"तोंड कुठं केलास?"

"दक्षिणेला."

"दक्षिणेला! शिवा, शिवा. दक्षिणेला कोन करतंय? उत्तरेला असतंय तोंड. ठावं न्हवतं तर कामून हात घातलास?"

मी खाली पाहिलं. "आठवलं न्हाई काका. गाव हिकडं हाय म्हनून केलो."

 आईनं मान वर केली.

"हिकडं? आपल्या घराकडं?"

"व्हय अव्वा."

 ती काकांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. बराबर केलाय पोरगा. हिकडंच बघायलाय की मग तो."

ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी ताट वाढून आणलं. काका बाहेर जाऊन बसले. मी जेवलो.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुला लांब उभं केले का?"

"न्हाई अप्पा. मीच उतरवलो त्याला."

 रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत त्यांनी बसवराजचं नाव घेतलं.

लान्स नायक बसवराज अजून तिथंच आहे. आमची पलटण त्या उन्हाळ्यात खाली उतरली, निघण्याआधी प्रत्येकानं त्याच्यावर एकेक दगड रचला. मी मेलो की मला आमच्या गल्लीमागच्या जागेत आडवं पुरतील, पाळक प्रार्थना करतील, बाया गातील. त्याच्याजवळ कुणी गात नाही. रविवारी उपासना संपून लोक घरी जायला लागतात, कुणीतरी चटया गुंडाळायला लागतं, तेव्हा मी थोडा वेळ त्याच्यासाठी मागं बसून राहतो.