न विचारलेले उपाय

इंग्रजीच्या परीक्षेत बायकोला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले, याची लाज वाटायला नको होती. वाटली, कारण तिला शिकवत होतो मी.

परदेशात स्थायिक व्हायचं तर दोघांनीही ती परीक्षा देणं भाग होतं. मी व्हाइटफील्डच्या कंपनीत, दिवसभर गोऱ्या लोकांशी इंग्रजीत बोलणारा. ती बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातली, बोलता बोलता कानडी शब्द पेरणारी, शाळेत गणित शिकवणारी. सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी मी तिचा वर्ग घ्यायचो. निबंधाचा प्रश्न दिला की ती आधी तो स्वतःच्या शब्दांत कच्च्या कागदावर उतरवायची. कारणं विचारलीत की परिणाम, सहमत आहात का विचारलंय की किती सहमत आहात, हे ठरल्याशिवाय पुढे जायची नाही.

"अगं, लग्नाचा मुहूर्त काढतेयस का? लिही की!" मी चिडवायचो.

"स्वल्प थांब रे. काय विचारलंय ते तरी कळू दे."

परीक्षेत दोघांना एकच प्रश्न आला. शहरातले लोक शेजाऱ्यांना का ओळखत नाहीत, आणि त्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो? मी 'शेजारी' वाचलं आणि सुटलो. सोसायटीत एकत्र जेवणं ठेवावीत, गच्चीवर बाग करावी, मुलांच्या स्पर्धा घ्याव्यात... झोकात लिहिलं. बाहेर आल्यावर वर तिलाच विचारलं, "जमलं का काहीतरी?"

निकाल आला तेव्हा निबंधाचे गुण बघून मी परीक्षकाच्या नावाने शिमगा केला. तिने शांतपणे विचारलं, काय लिहिलं होतंस? मी सांगत गेलो.

"यात कारणं कुठेत?"

नव्हती. परिणामही नव्हते. नाक कापलं गेलं तरी माझा ताठा जाईना. म्हणालो, "ऑफिसात कुणी अडचण सांगितली की उपायच द्यायचा असतो. सवय झालीय."

"घरीही झालीय," ती म्हणाली.

परदेशाचा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा आपण जावं का, असं तिने मला विचारलं होतं म्हणे. मला आठवेना. आठवत होती ती त्यानंतरची माझी धावपळ: एजंट, कागदपत्रं, तिच्या आईबाबांकडे दिवसभराची बाई. तिने शाळेचा राजीनामा कधी द्यायचा, तेही मीच ठरवून टाकलं होतं. कसं जायचं ते मी तिला रोज सांगत होतो, आणि तिने ते विचारलंच नव्हतं. परीक्षेतली फजिती त्यापुढे काहीच नव्हती. मला तिच्याकडे बघवेना इतकी लाज वाटली.

"सरी, असू दे," ती उठत म्हणाली, "चहा टाकते."

"थांब. आता सांग. आपण जावं का?"

ती पुन्हा बसली. "नाही," म्हणाली.

वर्षातून दोनदा येत जाऊ, आईबाबांनाही तिकडे नेऊ, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी ते गिळलं. ती माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबली, आणि मी खरंच काही सुचवत नाही असं पाहिल्यावर रडायला लागली.