तोफेचं जॅकेट

केंद्रात तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. एचआयव्हीच्या गोळ्या जिथे फुकट मिळतात, त्या केंद्रात ती कामाला होती. काम एकच. जे गोळ्या न्यायला यायचे बंद झाले, त्यांना शोधून परत आणायचं. कुणी घर बदललेलं, कुणी जडीबुटीवाल्याच्या नादी लागलेलं, कुणी नुसतंच कंटाळलेलं. ती जिने चढायची, दार वाजवायची आणि दार उघडताच सुरू व्हायची, "मरायचंय का तुला? तसं असेल तर सांगून टाक, माझ्या चपला तरी झिजायच्या नाहीत." आणि लोक चक्क यायचे.

गोड बोलणं तिला जमत नसे. जमवावं, असं तिच्याशी कुणी वागलंही नव्हतं. नवरा याच आजारात गेला, तेव्हा गोळ्या तिच्या गावापर्यंत पोचतच नव्हत्या. आजार तिलाही होता, पण तिची पाळी येईतो गोळ्या पोचल्या, म्हणून ती राहिली. राहिली ती दीर-जावेच्या घरात, मागच्या खोलीत. जावेने तिचा कप वेगळा ठेवला होता, कान तुटलेला. काही वर्षं तिने त्यातून मुकाट्याने चहा प्याला. मग एका सकाळी तिची सटकली. घरातले सगळे कप तिने ओट्यावर मांडले, प्रत्येकात घोटभर चहा ओतला आणि जावेच्या डोळ्यांदेखत एकेक करून सगळे रिकामे केले. "घे, आता कुठला वेगळा ठेवतेस तो ठेव." जाऊ कितीतरी दिवस बोलली नाही. कप मात्र सगळे एकाच फळीवर गेले.

केंद्राच्या साहेबांशी तिचं कधी पटलं नाही. अशा वेळी साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. तोफ तसं कधी म्हणाली नाही, आपणही म्हणायला नको. साहेबांचा जीव होता भिंतीवरच्या फलकात. वर ठळक अक्षरांत 'प्रत्येकापर्यंत उपचार', खाली एकेका वस्तीची पट्टी. सगळे गोळ्या घेत असतील तर पट्टी हिरवी, काही सुटले तर पिवळी, बरेच सुटले तर लाल. वरचे लोक आले की आधी त्या फलकासमोर उभे राहत, त्यामुळे साहेबांना माणसं दिसेनाशी होऊन पट्ट्याच दिसायला लागल्या होत्या.

त्यात जॅकेटं आली. भडक पिवळी, छातीवर तळहाताएवढी लाल रिबीन, पाठीवर केंद्राचं नाव. घरी भेट द्यायला जाताना ती घालायची आणि त्या दारात उभं राहून फोटो काढून पाठवायचा. फोटो नाही, तर भेट झालीच नाही.

"मग बँडवालेही द्या की सोबत," तोफ म्हणाली. "कुणाच्या घरी कुठला आजार आहे ते सगळ्या गल्लीला कळू दे."

"अहो बाई, कामाचा पुरावा नको का? वर काय दाखवू मी?"

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी गेली तर मागची खोलीही जाईल, हे तिला कळत होतं. तिने जॅकेट घातलं.

ते घालून ती इस्त्रीवालीकडे गेली, आणि तिथेच घात झाला. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीवालीचं टेबल होतं, मागे राहायची खोली. नवरा लांबच्या कारखान्यात, घरी सासू, आणि पोटात सहावा महिना. तिने एकदाही गोळी चुकवली नव्हती. गोळ्या नेमाने चालल्या तर बाळ या आजारावाचून जन्माला येण्याची पक्की आशा होती. थांबल्या तर तो त्यालाही लागायची भीती. तोफ फक्त रक्ततपासणीची आठवण करायला गेली होती. दारात उभी राहिली, फोटो काढला. वरच्या तिन्ही मजल्यांवरून बायका वाकून बघत होत्या.

आठवड्याभरात कपडे यायचे बंद झाले. कुणी म्हणे आम्ही घरीच करतो आता, कुणी नुसतीच नजर चुकवून जिना चढे. आणि इस्त्रीवाली केंद्रात यायची बंद झाली.

तोफ गेली, या वेळी साध्या साडीत. इस्त्रीवालीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज नाही आणला तो झगा?"

"अगं, माझं ऐकून तर घे..."

"सासूला सांगितलं, गरोदर बायकांची तपासणी करणारी बाई होती. तिचा निम्मा विश्वास बसला. उरलेला निम्मा तू आज उडवायला आलीस? नीघ इथून. आणि तुझ्या त्या गोळ्या घाल त्या साहेबाच्या घशात."

"बाळाचं काय?"

"बाळाचं नाव काढू नकोस!" इस्त्री टेबलावर आपटली. आतून सासूने विचारलं, कोण आहे गं? "कुणी नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

तोफ तडक केंद्रात परतली.

साहेबांकडे उत्तर तयार होतं. "तिला 'बाहेरगावी गेली' असं दाखवून टाकू. म्हणजे ती आपल्या हिशेबातच येणार नाही. पट्टी हिरवी राहील."

"ती जिन्याखाली बसलीय, साहेब. पोट घेऊन बसलीय."

"वरच्यांचा आढावा तोंडावर आलाय, बाई. तुम्ही जरा समजून घ्या."

"मी समजले. तुम्हाला आजार नाही संपवायचा, आजारी माणसं संपवायचीत," असं म्हणून तिने दार असं आपटलं की फलक तिरका झाला.

घरी येऊन तिने जावेच्या कपाटातून, न विचारता, साड्यांचा ढीग काढला. जाऊ आ वासून बघत राहिली. गाठोड्याच्या पोटात गोळ्यांची बाटली ठेवली आणि ती इस्त्रीवालीच्या टेबलापुढे गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली. "इस्त्रीला आहेत," एवढंच बोलली, तेही हळू. दुसऱ्या दिवशी साड्या कडक इस्त्री होऊन मिळाल्या. बाटली आत होती, सील न फोडलेली.

तोफेने घरभरच्या चादरी बांधल्या, त्यात बाटली ठेवली आणि तळाशी ते पिवळं जॅकेट, उलटं घडी घालून. टेबलावर गाठोडं ठेवताना म्हणाली, "खाली ते पण आहे. त्याचं काय करायचं ते कर."

इस्त्रीवालीने गाठोडं टेबलाखाली सरकवलं. गाठोडं परत मिळालं ते थेट आढाव्याच्या सकाळी. तोफेने केंद्राच्या मागच्या जिन्यात ते उघडलं. चादरी होत्या. बाटली नव्हती. जॅकेटवर छातीपाशी, जिथे रिबीन होती तिथे, इस्त्रीच्या आकाराचं आरपार भोक होतं, कडा काळ्या, वितळून कडक झालेल्या.

बाटली तिने घेतली की गटारात टाकली, ते कळायला मार्ग नव्हता. तोफेने जॅकेट अंगात घातलं आणि ती बैठकीत जाऊन पहिल्या रांगेत बसली.

वरून आलेल्या बाई फलकाकडे बघून खूश झाल्या होत्या. मग त्यांचं लक्ष गेलं. "हे काय झालंय तुमच्या जॅकेटला?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तोफ उठली. "पुरावा मागता ना? हा घ्या. ही मी ज्या दारात फोटो काढला, तिथली सही आहे. ती बाई बाहेरगावी गेली असं तुम्हाला सांगतील. ती कुठेही गेलेली नाही. आपण तिच्या दारात हे घालून गेलो, म्हणून तिने दार लावलंय."

बाई "बघू, बघू" म्हणाल्या आणि पुढच्या पट्टीकडे वळल्या. संध्याकाळी साहेबांनी तोफेला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

ती तशीच, जॅकेट काखोटीला मारून, जिन्याखाली गेली. हातात गाठोडं नव्हतं. इस्त्रीवालीने मान वर केली नाही. एका शर्टाची कॉलर दाबत राहिली. मग दात ओठ खात, हलक्या आवाजात म्हणाली,

"बाटली वाजते. गोळी काढायला गेलं की सासूला ऐकू जातं. पुढच्या वेळी आत कापूस कोंबून आण, भवाने."