वेगळी ताटली
माळा आवरताना सासूबाईंची जर्मनची ताटली हाती लागली आणि विठ्ठलवाडीच्या खोलीतला फिनेलचा वास आठवला. त्यांना छातीचा कॅन्सर होता. त्याची लागण होते असं आम्ही धरून चाललो होतो, म्हणून ताटली वेगळी. उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी नर्स ड्रेसिंगला यायची आणि दार लोटून घ्यायची. माझ्या हातून दोन घासही न खाणाऱ्या सासूबाईंची ताटली ती आली की रिकामी व्हायची. भात हीच खात असणार! एकदा मी फटीतून पाहिलं. खातच होती, एक घास स्वतः, एक त्यांना, त्याच ताटलीतून. मला पाहून म्हणाली, “बेटी, अकेले खाना गले से उतरता है क्या? तू भी बैठ.” सासूबाईंनी ताटली माझ्याकडे सरकवली. “चुलीवर दूध आहे,” म्हणत मी पळाले. चुलीवर काहीही नव्हतं, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.