शीलाची विमानफेरी

नारायणगावात टीव्ही दुरुस्तीची पाच-सहा दुकानं होती, त्यातलं एकच बाईचं. शीला भालेरावचं. तिनं आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता, पण नवं गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मेकॅनिक कुठंय?" शीला हातातलं काम न थांबवता म्हणायची, "बोला की. ऐकतीय."

१९९८ साली ती पार्ट आणायला पुण्याला गेली आणि येताना भलतंच काही घेऊन आली. पुण्यातलं कुठलंसं गेम पार्लर बंद पडलं होतं. तिथलं डोक्यावर घालायचं एक यंत्र भंगारवाल्याकडे पडून होतं. आत दोन्ही डोळ्यांपुढे इवलाले पडदे. नवं असताना मान वळवली की चित्रही वळायचं. आता चित्र दिसायचं, वळायचं मात्र नाही. म्हणूनच तिला ते परवडलं.

तिचा नवरा नवनाथ एसटीत कंडक्टर. त्यानं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "टीव्ही समोर ठेवला तरी दिसतो की. डोक्यावर कशाला घ्यायचा?"

"अहो, समोर ठेवला तर बघायचं. ह्यात आत जायचं."

वळण्याचा पार्ट काही कुठं मिळेना. तेवढ्यात गेणभाऊंच्या सलूनमधला रेडिओ बिघडला, म्हणून शीला तिकडं गेली. रेडिओ उघडला खरा, पण तिचं लक्ष केस कापायच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीकडे. गेणभाऊ नवी खुर्ची घेणारच होते, जुनी त्यांनी हिला देऊन टाकली. शीलानं यंत्र एका जुन्या कम्प्युटरला जोडलं आणि खुर्चीच्या फिरत्या तबकडीला त्याचा माउस दाबून बसवला. खुर्ची फिरली की माउसमधला गोळा फिरायचा आणि डोळ्यांपुढचं चित्र वळायचं! यंत्राच्या वजनानं मान अवघडायची, तर तिनं ते बाळाच्या झोळीच्या स्प्रिंगला अडकवून वरून टांगलं.

हे सगळं बिऱ्हाड घेऊन दोघं खोडदच्या यात्रेत गेली. तंबूत राक्षस मारायचा गेम लावला. पोरं हौसेनं बसली, पण लगेच उठली. "चित्र लई फुटतंय राव! घरच्या टीव्हीवरचा गेम यापरीस भारी हाय." एका पैलवान गड्याला तर अशी गरगर सुटली, की नवनाथ त्याला धरून तंबूमागं घेऊन गेला. दुपारपर्यंत तंबू ओस पडला.

तेव्हा जानकाबाई आत डोकावल्या. आहुप्याच्या म्हाताऱ्या, लेकीकडे यात्रेला आलेल्या. "पोरी, ह्यात इमान दावतीस का? आमच्या डोंगरावरनं रोज जातंय. वरनं कसं दिसतं ते बघायचं व्हतं."

शीलाकडे विमान चालवायच्या गेमची सीडी होती. तिनं ती लावली. जानकाबाईंनी लुगडं सावरून बैठक मारली आणि नवनाथनं हळूहळू खुर्ची फिरवली.

"अगं बया! ढग पार खाली ऱ्हायलं की!" मग जरा वेळानं, "आमचा डोंगर कुठशी हाय गं?"

"आज्जी, हा परदेशातला डोंगर हाय."

"मंग तिकडची माणसं कुठं गेली? एवढी जमीन, आन् कसायला एक बी माणूस न्हाई?"

शीलाला हसू आवरेना. विमान सावकाश चालतं, त्यामुळे म्हातारीला गरगरलंही नाही. खाली उतरून जानकाबाई गप्प थोड्याच बसणार? संध्याकाळी तंबूबाहेर बायकांची रांग लागली. पोरं एकदा बसून गेली, बाया मात्र दुसऱ्या दिवशी नणंदा-जावांना घेऊन परत आल्या. शीलानं राक्षसाची पाटी काढली आणि रंगवून घेतलं, 'विमानफेरी'.

त्या उमेदीनं तिनं स्कूटरची जुनी हेल्मेटं, खिशात मावणारे छोटे टीव्ही आणि भिंगं जोडून आणखी दोन यंत्रं बनवली. रंगीत टीव्हीपेक्षा स्वस्त. घरोघर विकली जातील असं तिला मनापासून वाटत होतं. येडगावच्या अंबाबाईंनी दुकानात येऊन एक घालून पाहिलं, खूश झाल्या, आणि तरीही ते टेबलावर परत ठेवलं.

"यात्रेत ठीक हाय गं. घरी एकीनं घालायचं, आन् बाकीच्यांनी काय तिच्या तोंडाकडं बघत बसायचं?"

शीला दोन दिवस हिरमुसली. बाईचं चुकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी उठून तिनं खुर्चीशेजारी एक मोठा टीव्ही मांडला. आत बसलेल्याला जे दिसे, तेच आता बाहेर सगळ्यांना दिसू लागलं. पुढच्या यात्रेत अख्खी कुटुंबं टीव्हीभोवती गोळा होऊन ओरडायला लागली, "डावीकडं घे! आगं, समुद्र आला, वर घे, वर घे!" एकटीची फेरी घराची झाली आणि गर्दी दुप्पट.

चार वर्षं असं छान चाललं. पण घरी वापरायला यंत्र एकानंही विकत नेलं नाही. पुढं सायबर कॅफे निघाले, चांगल्या कम्प्युटरवर गेम चकचकीत दिसायला लागले आणि तंबूतली रांग आटली. शीलानं रडगाणं गायलं नाही. २००३ साली तिन्ही यंत्रं, खुर्चीसकट, यात्रेत आकाशपाळणे लावणाऱ्या संगमनेरच्या एका पाळणेवाल्याच्या स्वाधीन केली. आठ दिवस पुण्याला जाऊन मोबाइल दुरुस्ती शिकून आली. पहिल्याच सोमवारी दुकानात इतके मोबाइल आले, की नवनाथनं रजा टाकली आणि चिठ्ठ्यांवर नंबर लिहून गिऱ्हाइकांना वाटत दिवसभर पायरीवर उभा राहिला.