पॉलिश पेपरची पुडी

अंबरनाथहून जर्मनीला निघालो त्या दुपारी टॅक्सी खाली उभी होती आणि बाबा माझी बॅग पुन्हा उघडत बसले होते. लोणच्याची बरणी बाजूला सारून त्यांनी तिथे एक पुडी बसवली. आत पॉलिश पेपरचे चौकोनी तुकडे, सगळ्यात बारीक नंबरचे.

"तिकडे मिळतं हो सगळं," मी वैतागून म्हणालो.

"मिळेल ना. पण हे मी कापलेत."

बाबा उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. मी क्लासिकल गिटार वाजवतो. त्यासाठी उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात, आणि ती अगदी गुळगुळीत लागतात. शेजारपाजारचे हसायचे. बाबांनी मात्र माझा हात मांडीवर घेतला आणि कपाटाचं दार घासावं तशी माझी नखं घासून दिली. म्हणाले, "खरखर ऐक. ती गेली की थांबायचं."

जर्मनीत शिकायला आल्यावर कळलं की आजच्या रचनांमध्ये गिटार नुसती छेडत नाहीत. तिच्या लाकडावर ठोकतात, तारा घासतात. मग पदवीच्या कार्यक्रमासाठी मी बाबांची ती खरखरच लिहून काढली. जाड तारेवरून नख ओढत न्यायचं, आवाज बारीक करत करत शेवटी थांबायचं. बाबांना ती फोनवरून ऐकवणार होतो.

कार्यक्रमाला दोन आठवडेही उरले नव्हते आणि बाबा गेले. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला दिलेला, तिथल्या ऑफिसात अडकलेला. खूप हातपाय मारले, काही उपयोग झाला नाही. दहाव्याला बदलापूरला नदीवर चुलतभाऊ बसला. काका फोनवर म्हणाले, "तू तिथंच अंघोळ कर, नखं काढ. बाकीचं आम्ही बघतो."

मुलाने करायचं त्यातलं तेवढंच माझ्या हातात होतं. मी दहाही बोटांची नखं काढली.

नंतर आईला सांगितलं. ती म्हणाली, "उजव्या हाताची पण? अरे, त्यांनी काढू दिली असती का तुला?"

दहाव्यानंतर तीन दिवसांनी कार्यक्रमात वाजवलं. मित्र नकली नखं देत होता, पण ती लावायला मन झालं नाही. खरखरीच्या जागेवर आलो तेव्हा बोट तारेवरून आवाज न करता नुसतं सरकलं. लोकांना वाटलं, तसंच लिहिलं असेल. टाळ्या पडल्या. मला फार राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

आता नखं पुन्हा वाढली आहेत. कडा तारेत अडकतात, घासायला हव्यात. पुडीत एकच तुकडा उरलाय, मागे बाबांच्या पॉलिश लागलेल्या अंगठ्याचा लालसर डाग असलेला. आई दर रविवारी विचारते, "वापरलास का रे?" मी म्हणतो, "पुढच्या आठवड्यात." घर म्हणून माझ्याकडे इथे तेवढंच आहे, आणि ते वापरलं की झिजणार.