ताटामागचा लाल ठिपका

बाबांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला तेव्हा मी कॉलेजात होते. अर्धवट शहाणपण केवढं! त्यांचं ताट मीच वेगळं काढलं आणि ओळखू यावं म्हणून मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तोवर जेवायला बसलं की पहिला घास ते मला भरवायचे, एवढी घोडी झाले तरी. त्या दिवसापासून त्यांनी भरवला नाही आणि मीही मागितला नाही.

पुढे सावंगीच्या मेडिकल कॉलेजात त्याच विषाणूवर काम करू लागले, ते उगाच नव्हे. हा रोग रक्तातून जातो, ताटातून नाही, हे घरी शंभरदा सांगून झालं. बाबांचं एकच, "असू दे वं. माह्यामुळे तुले काई झालं तं?" मी ठिपका खरवडून टाकला. आठवड्यात तो पुन्हा हजर. नेलपॉलिशची बाटली त्यांच्या दाढीच्या डब्यात सापडली, तेव्हा मला रडूच आलं.

प्रयोगशाळेत आम्ही यकृताच्या पेशी काचेसारख्या ताटल्यांत वाढवतो आणि विषाणू त्यांच्यात कसा शिरतो ते बघतो. पण हा विषाणू भारी नखरेल. यकृताच्या पेशीला एक ठरावीक दार असतं, तेवढ्यातूनच आत जाणार. आणि ताटलीत वाढलेल्या आमच्या पेशींना ते दारच उरलेलं नसतं. यंदा सहा महिने आम्ही विषाणू ओततोय, पेशी ढिम्म. मी रोज चिडून घरी यायचे.

एका रविवारी जेवताना बाबांनी विचारलं, "आता काय बिनसलं?"

"काय बिनसन! थेट पेशीवर ओतून राह्यलो, तरी लागण होत नाई."

बाबांचा हात ताटातच थांबला. "थेट पेशीवर?"

"हो."

"लिवरच्याच?"

"लिवरच्याच. हात टेकले आम्ही."

ते आपल्या ताटाकडे बघत राहिले. माझ्या शंभर उपदेशांनी जे साधलं नव्हतं, ते माझ्या फसलेल्या प्रयोगानं साधत होतं, आणि मला ते आत्ता कुठे उमगत होतं.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि हात माझ्यापुढे केला.

"घे," ते म्हणाले. "पहिला नाई राह्यला पण आता. अर्धी भाकर झाली माही."

मी तोंड उघडलं.