फाडलेलं तिकीट

बाबांची गिरणी बंद पडली, त्यानंतर वर्षभरानं त्यांनी भांडुप स्टेशनच्या रस्त्यावर लॉटरीचं टेबल टाकलं. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती पोखरली होती, दुपारभर ते घरी पडून असायचे. म्हणून सकाळी दहा ते चार टेबलावर मी बसायचे. एकोणीस वर्षांची होते, बारावीत एकदा नापास झालेली. आकडे मात्र माझ्या डोक्यात पटकन बसायचे.

खेळ समजायला सोपा होता. तिकिटावर मालिकेची अक्षरं आणि पुढे सहा आकडे. सोडत संध्याकाळी निघायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात निकाल. मोठ्या बक्षिसाला अक्षरांसकट सगळं जुळावं लागे, लहानाला शेवटचे तीन किंवा चार आकडे पुरत, आणि अगदी शेवटचा एकच आकडा जुळला तर तिकिटाचे पैसे सुटत. काही गिऱ्हाइकं शून्य ते नऊ अशा शेवटाची दहा तिकिटं एकदम घेत, म्हणजे एक तरी नक्की लागणार. बाकीची नऊ वाया गेली हे ती मोजत नसत. कुणी स्वप्नात दिसलेला आकडा मागे, कुणी पोराच्या जन्माची तारीख. लागलं नाही की बहुतेक जण म्हणत, "फाडून टाक गं." मी फाडून टेबलाखालच्या डब्यात टाकायचे.

आमच्या वरच्या चाळीत एक मालवणी मावशी राहायच्या. मुलुंडला औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामाला होत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दर पंधरा दिवसांनी एक तिकीट घ्यायच्या, कुठलंही, मी हाताला येईल ते काढून द्यायचे.

त्या दिवशी टेबलापुढे निकाल बघणाऱ्यांची गर्दी होती. कामावर जाता जाता मावशींनी तिकीट पुढे केलं. पेपरातल्या आकड्यांवरून बोट फिरवताना मी दुसऱ्या बक्षिसाशी थांबले. अक्षरं जुळत होती. आकडेही जुळत होते, फक्त मधे एका ठिकाणी त्यांच्या तिकिटावर आठ होता आणि पेपरात तीन.

"एका आकड्यानं चुकलं, मावशी."

"परत एकदा बघ गो. नीट बघ."

मागून एक जण ओरडला, "ए बाई, आवर ना, गाडी पकडायचीय." मला राग आला होता, कुणाचा ते आज सांगता येणार नाही. मी म्हटलं, "एकानं चुकलं काय आणि सगळे चुकले काय, सारखंच." आणि त्यांनी सांगितलेलं नसताना तिकीट आडवं फाडलं, मग उभं. मावशी क्षणभर माझ्या हातांकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

तीनच्या सुमारास आम्हाला तिकिटं पुरवणाऱ्या एजंटचा माणूस सायकलवरून सरकारी छापील यादी घेऊन आला. तो नेहमीपेक्षा खुशीत होता. "तुमच्या टेबलावरचं तिकीट लागलंय! दुसरं बक्षीस, पंचवीस हजार. कुणी नेलं होतं, आठवतंय?"

यादीत तो आकडा आठ होता. मी पेपर पुन्हा उघडला, डोळ्यांजवळ धरला. छपाईत इंग्रजी आठची डावी बाजू धड उठली नव्हती. नीट बघितलं असतं तर बारीकशी रेघ दिसली असती.

"नाही आठवत," मी म्हटलं. तो गेला आणि मी टेबलाखाली वाकले. डबा रिकामा होता.

शेजारचा चहावाला आमची फाटकी तिकिटं शेगडी पेटवायला न्यायचा. मी धावले तेव्हा तो शेगडीत कागद कोंबत होता.

"थांब, थांब! पेटवू नको!"

"काय झालं गं? साप आहे काय आत?"

मी काही न सांगता हात घातला. कोळसा, चिंध्या, शेकडो तुकडे. फुटपाथवर बसून एकेक बघायला लागले. तिघं-चौघं भोवती जमले. नंबराचा उजवा तुकडा सापडला, मग खालचे दोन. अक्षरांचा तुकडा मिळेना, आणि अक्षरांशिवाय बाकीच्यांना काही अर्थ नव्हता. चहावाल्यानंच शेवटी उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यातून एक ओला तुकडा काढला. "हे बघ, हे आहे का?"

तेच होतं.

चार वाजता बाबा आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चारही तुकडे टेबलाच्या काचेवर जुळवले आणि मग उलटे केले.

"मागे सही नाही केली बाईनं."

ज्याची सही, त्याचं तिकीट, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"तिला काय माहीत आहे?"

"लागलं नाही, एवढंच."

बाबा खोकले. खिशातलं पेन त्यांनी काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. रस्त्यावर इतका आवाज होता, पण मला त्या टोपणाचीच टकटक ऐकू येत होती. ते सही करतील आणि मी काही बोलणार नाही, असं मला वाटलं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

"बाबा, त्यांनी मला परत बघायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक कागदी पाकीट काढून तुकडे आत ठेवले. "जा. वाटेत कुणाशी बोलत बसू नको."

मावशी संध्याकाळी कामावरून आल्या, तोवर मी त्यांच्या दारात बसून होते. मी पाकीट उघडलं, बोलले, रडले. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पेन मागून घेतलं आणि प्रत्येक तुकड्यामागे, जागा होती तेवढ्यात, सही केली.

तिकिटामागे बारीक अक्षरांत छापलेलंच होतं की फाटकं तिकीट चालणार नाही. फोर्टातल्या लॉटरीच्या कचेरीत बाबा आणि मी मावशींबरोबर गेलो. कारकुनानं तुकडे बोटानं सरकवले. "हे काय आणलंय?" मी लिहून दिलं की तिकीट माझ्या हातून फाटलं. बाबांनी विक्रेता म्हणून खाली सही केली. तपासणी होईल, कळवू, असं सांगून त्यानं अर्ज ठेवून घेतला.

कळवायला दोन महिने लागले. रोज संध्याकाळी मावशी आमच्या दाराशी यायच्या, "काय इला?" म्हणजे पत्र आलं का, एवढंच विचारायच्या, मी मान हलवली की जायच्या. गिऱ्हाइकं कमी झाली. "त्या पोरीकडे दाखवू नका, फाडते ती," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, ते जास्त लागायचं.

शेवटी पत्र आलं. तिकीट खरं ठरलं होतं, कर कापून रक्कम मंजूर झाली होती. ते पत्र मीच मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, आणि मी दोन्ही वेळा प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचलं.

मग त्या म्हणाल्या, "तू इलंस म्हणान गावले. पण फाडलंस पण तूच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या पावसाळ्याआधी त्यांनी गावी कौलारू घर बांधायला काढलं आणि नोकरी सोडून गेल्या. जाताना बाबांच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. मी शेजारीच उभी होते. माझ्या डोक्यावरून हात फिरवतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, आणि गाडीची वेळ झाली होती.